कम्युनियन नाकारण्याचा वाद: कॅथलिक बिशप, गर्भपाताचा हक्क आणि लोकप्रतिनिधीचा विवेक

गर्भपाताच्या कायदेशीर हक्काला पाठिंबा देणाऱ्या कॅथलिक राजकारण्यांना चर्चमध्ये कम्युनियन द्यावे की नाकारावे, यावर अमेरिकेतील बिशपांमध्ये चाळीसहून अधिक वर्षे वाद चालू आहे. जॉन केरी, जो बायडन, नॅन्सी पेलोसी, डिक डर्बिन ही या वादात पुन्हा पुन्हा येणारी नावे. आपल्याकडे हा विषय बातमीच्या दोन ओळींत येतो आणि 'चर्च विरुद्ध पुरोगामी' अशी त्याची सोपी मांडणी होते. प्रत्यक्षात गर्भपात चूक आहे यावर बिशपांचे एकमत आहे. त्यांच्यात मतभेद आहेत ते संस्काराचा वापर कायदे करणाऱ्यांवर दबाव आणण्यासाठी करावा का, यावर.

धर्मसंस्थेने आपल्या अनुयायांना शिस्त लावणे आणि त्या शिस्तीच्या जोरावर सगळ्या देशाचा कायदा वळवणे, यांत सीमारेषा कुठे आखायची? धर्मांतरित समाज म्हणून, आणि धर्मनिरपेक्ष संविधानाचे पाईक म्हणूनही, हा प्रश्न आपल्यालाही टाळता येणार नाही. म्हणून या वादाची माहिती आम्ही येथे क्रमाने देत आहोत.

कम्युनियन म्हणजे काय, आणि ते कोण नाकारू शकतो?

कॅथलिक उपासनेचा गाभा म्हणजे मिस्सा. वसईच्या मराठी ख्रिस्ती समाजातही हाच शब्द रूढ आहे. येशूने शिष्यांसोबत घेतलेल्या शेवटच्या भोजनाचे स्मरण म्हणून धर्मगुरू भाकर आणि द्राक्षारसावर प्रार्थना म्हणतात. त्यानंतर ती भाकर व तो द्राक्षारस हे ख्रिस्ताचे शरीर व रक्त होतात, अशी चर्चची शिकवण आहे. ते ग्रहण करणे म्हणजे कम्युनियन. देवळातल्या प्रसादाशी त्याची तुलना करण्याचा मोह होतो, पण ती अपुरी पडते. कम्युनियन घेणारा माणूस आपण चर्चच्या श्रद्धेशी एकरूप आहोत, असेच जाहीर करत असतो.

१९८३ च्या चर्च-कायद्याच्या संहितेतील दोन कलमे या वादात महत्त्वाची आहेत. कलम ९१६ घेणाऱ्यासाठी आहे: आपल्या हातून गंभीर पाप घडले आहे याची जाणीव असलेल्याने पापनिवेदन केल्याशिवाय कम्युनियन घेऊ नये. कलम ९१५ देणाऱ्यासाठी आहे: जो उघडपणे, गंभीर पापात, हट्टाने टिकून राहतो त्याला कम्युनियन देऊ नये. सारा वाद या कलम ९१५ भोवती फिरतो. गर्भपाताचा हक्क देणाऱ्या विधेयकाला मत देणे हे 'उघड, गंभीर पाप' ठरते का? आणि ठरत असेल, तर ते कोणी ठरवायचे?

येथे एक फरक लक्षात घ्यावा. चर्चबाह्य करणे ही त्याहून मोठी शिक्षा आहे. जाणीवपूर्वक गर्भपात घडवून आणणाऱ्यावर ती आपोआप लागू होते, असे संहिता सांगते. राजकारण्यांबाबतचा अमेरिकेतील वाद मात्र मुख्यतः कम्युनियनपुरता आहे. कम्युनियन नाकारलेला माणूस कॅथलिकच राहतो, मिस्सेला बसू शकतो, फक्त वेदीपुढे जाऊन तो संस्कार घेऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट अधिकाराची. प्रत्येक बिशप आपल्या धर्मप्रांतात स्वतंत्र असतो. राष्ट्रीय बिशप परिषद मार्गदर्शन करते, पण एखाद्या बिशपला 'याला द्या, त्याला देऊ नका' असा हुकूम सोडू शकत नाही. त्यामुळे एकाच नेत्याला एका शहरात बंदी आणि दुसऱ्या शहरात मुभा, असे चित्र दिसते.

वादाची वाटचाल

१९६० साली जॉन केनेडी अध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा अमेरिकन प्रोटेस्टंटांच्या मनात नेमकी उलटी भीती होती: हा कॅथलिक माणूस पोपच्या हुकमाने देश चालवेल. ह्यूस्टन येथे धर्मगुरूंसमोर भाषण करून केनेडींना सांगावे लागले की, आपण चर्चच्या वतीने बोलत नाही आणि चर्च आपल्या वतीने बोलत नाही.

१९७३ च्या 'रो विरुद्ध वेड' निकालाने गर्भपाताला संविधानिक संरक्षण मिळाले आणि कॅथलिक नेत्यांपुढे पेच उभा राहिला. १९८४ मध्ये उपाध्यक्षपदाच्या उमेदवार जेराल्डीन फेरारो यांच्यावर न्यूयॉर्कचे आर्चबिशप जॉन ओकॉनर यांनी जाहीर टीका केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कचे गव्हर्नर मारिओ कुओमो यांनी नोत्र दाम विद्यापीठात भाषण केले. व्यक्ती म्हणून आपण चर्चची शिकवण मानतो, पण अनेक धर्मांच्या समाजात ती सर्वांवर कायद्याने लादणे हे आपले काम नाही, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. पुढच्या बहुतेक कॅथलिक डेमोक्रॅट नेत्यांनी हीच भूमिका घेतली. हा युक्तिवाद पळवाट आहे, असे कडक भूमिकेचे बिशप म्हणत आले आहेत.

१९८९ मध्ये सॅन डिएगोचे बिशप लिओ माहर यांनी कॅलिफोर्नियाच्या सिनेटची पोटनिवडणूक लढवणाऱ्या लुसी किलिया यांना कम्युनियन बंद केले. किलिया ती निवडणूक जिंकल्या.

२००४ मध्ये जॉन केरी अध्यक्षपदाचे उमेदवार झाले. सेंट लुईसचे आर्चबिशप रेमंड बर्क यांनी आपण त्यांना कम्युनियन देणार नाही, असे सांगितले. कार्डिनल जोसेफ रॅट्झिंगर (पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे) यांनी अमेरिकन बिशपांसाठी एक टिपण पाठवले. आधी त्या राजकारण्याशी भेटून बोलावे, शिकवण समजावून सांगावी, इशारा द्यावा आणि तरीही तो ऐकत नसेल तर कम्युनियन नाकारावे, असा क्रम त्यात होता. युद्ध किंवा मृत्युदंड यांवर कॅथलिकांमध्ये मतभेद असू शकतात, पण गर्भपात आणि इच्छामरण यांवर तशी मोकळीक नाही, हेही त्यात होते. बिशप परिषदेने त्या जूनमध्ये १८३ विरुद्ध ६ मतांनी निवेदन मंजूर केले आणि निर्णय ज्या-त्या बिशपवर सोपवला.

बायडन यांची चार वर्षे

बायडन हे केनेडींनंतरचे दुसरे कॅथलिक अध्यक्ष, आणि नियमित मिस्सेला जाणारे. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये, प्रचाराच्या काळात, साउथ कॅरोलिनातील फ्लॉरेन्स येथील एका चर्चमध्ये त्यांना कम्युनियन नाकारण्यात आले होते. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांनी 'हाइड दुरुस्ती'बाबतची आपली अनेक वर्षांची भूमिका बदलली होती. १९७६ पासूनच्या या तरतुदीमुळे सरकारी आरोग्य योजनेचा पैसा, मोजके अपवाद सोडता, गर्भपातासाठी वापरता येत नाही. पैसेवाल्या स्त्रीला तिची झळ लागत नाही. सरकारी योजनेवर अवलंबून असलेल्या गरीब स्त्रीला, आणि त्यांत मोठ्या संख्येने असलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांना, ती लागते. या वादाची वर्गीय आणि वांशिक बाजू समजून घ्यायची असेल तर ही तरतूद पाहावी.

बायडन अध्यक्ष झाल्यावर बिशप परिषदेत कम्युनियनवर दस्तऐवज काढण्याची मागणी जोर धरू लागली. मे २०२१ मध्ये व्हॅटिकनचे कार्डिनल लुईस लादारिया यांनी पत्र लिहून सबुरीचा सल्ला दिला: आधी बिशपांनी आपसांत बोलावे, मग राजकारण्यांशी बोलावे, आणि गर्भपात व इच्छामरण हेच काय ते गंभीर प्रश्न आहेत असा समज पसरवू नये. तरीही जूनमध्ये दस्तऐवज तयार करण्याचा ठराव १६८ विरुद्ध ५५ मतांनी मंजूर झाला. ६ जण तटस्थ राहिले. काँग्रेसमधील ६० कॅथलिक डेमोक्रॅट सदस्यांनी कम्युनियनचे हत्यार करू नका, असे निवेदन काढले.

सप्टेंबर २०२१ मध्ये विमानातील पत्रकारांशी बोलताना पोप फ्रान्सिस यांनी गर्भपात म्हणजे हत्या, असे स्पष्ट म्हटले. त्याच वेळी, आपण कधीही कुणाला कम्युनियन नाकारलेले नाही आणि बिशपांनी राजकारणी न होता मेंढपाळासारखे वागावे, असेही सांगितले. ऑक्टोबरच्या अखेरीस बायडन त्यांना व्हॅटिकनमध्ये भेटले. पोपनी आपल्याला चांगला कॅथलिक म्हटले आणि कम्युनियन घेत राहण्यास सांगितले, असे बायडन यांनी भेटीनंतर सांगितले. नोव्हेंबरमध्ये बाल्टिमोर येथे दस्तऐवज २२२ विरुद्ध ८ मतांनी मंजूर झाला, तेव्हा त्यात कोणाही राजकारण्याचे नाव किंवा बंदीचा आदेश नव्हता.

पुढच्या वर्षी, २० मे २०२२ रोजी, सॅन फ्रान्सिस्कोचे आर्चबिशप साल्वातोरे कॉर्डिलिओन यांनी प्रतिनिधिगृहाच्या सभापती नॅन्सी पेलोसी यांना कम्युनियन बंद केल्याचे जाहीर केले. हे पाऊल धार्मिक काळजीपोटी आहे, राजकीय नाही, असे त्यांचे म्हणणे होते. वॉशिंग्टनचे कार्डिनल विल्टन ग्रेगरी यांनी अशी बंदी घातली नाही. २९ जूनला रोममध्ये पोप फ्रान्सिस यांच्या उपस्थितीतील मिस्सेत पेलोसींनी कम्युनियन घेतले. मधल्या काळात, २४ जूनला, 'डॉब्स' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'रो' निकाल रद्द केला होता. तो निकाल लिहिणारे न्या. सॅम्युअल अलिटो कॅथलिक आहेत, आणि विरोधात मत नोंदवणाऱ्या न्या. सोनिया सोटोमायोर याही कॅथलिकच आहेत.

बिशपांच्या तीन भूमिका

पहिली भूमिका कलम ९१५ लागू करण्याची. बर्क, कॉर्डिलिओन आणि इलिनॉयमधील स्प्रिंगफील्डचे बिशप थॉमस पाप्रॉकी हे तिचे ठळक प्रतिनिधी. प्रभावी माणूस उघडपणे शिकवणीविरुद्ध वागतो आणि तरीही वेदीपुढे येतो, तेव्हा सामान्य श्रद्धावानांचा गोंधळ होतो. शिवाय अपात्र अवस्थेत कम्युनियन घेणे त्या माणसाच्याच आत्म्याला घातक आहे, असे ते मानतात. त्यांच्या दृष्टीने प्रश्न एका निष्पाप जिवाचा आहे, आणि अशा वेळी गप्प राहणे हा भित्रेपणा आहे. या भूमिकेशी असहमत असलेल्यानेही तिच्यातला प्रामाणिकपणा नाकारू नये.

दुसरी भूमिका कार्डिनल रॉबर्ट मॅकेलरॉय यांच्यासारख्यांची. त्यांनी २०२१ मध्ये, सॅन डिएगोचे बिशप असताना, कम्युनियनचे राजकीय शस्त्र करण्याविरुद्ध लेख लिहिला. गर्भपातावर कठोर आणि वंशभेदावर मवाळ राहिलो तर लोक चर्चला एका पक्षाची शाखा समजतील, ही त्यांची चिंता.

तिसरी भूमिका मधल्यांची, आणि संख्येने बहुधा तेच जास्त. ते राजकारण्याशी खासगीत बोलतात, जाहीरपणे शिकवण मांडतात, पण वेदीपाशी कोणाला अडवत नाहीत. २००४ आणि २०२१ या दोन्ही वेळी परिषदेची गाडी शेवटी याच मुक्कामाला आली.

सामान्य कॅथलिकांचे काय? प्यू संशोधन केंद्राच्या मार्च २०२१ मधील पाहणीत ६७ टक्के अमेरिकन कॅथलिकांनी बायडन यांना कम्युनियन मिळावे, असे मत दिले.

माप एकच आहे का?

टीकाकारांचा सर्वांत टोकदार प्रश्न हा आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ मध्ये धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथात दुरुस्ती करून मृत्युदंड कोणत्याही परिस्थितीत अमान्य ठरवला. जुलै २०२० ते जानेवारी २०२१ या काळात अमेरिकन संघराज्य सरकारने १३ जणांना मृत्युदंड दिला. हे सत्र पुन्हा सुरू करणारे अॅटर्नी जनरल विल्यम बार कॅथलिक होते. त्यांना कम्युनियन नाकारा, अशी मोहीम बिशपांनी काढली नाही. मृत्युदंडाबद्दल असे का होत नाही, हे पेलोसी यांनी जाहीरपणे विचारले.

हाच मुद्दा २०२५ मध्ये पुन्हा आला. शिकागोचे कार्डिनल ब्लेझ क्युपिच यांच्या धर्मप्रांताने सिनेटर डर्बिन यांना स्थलांतरितांसाठी केलेल्या कामाबद्दल सन्मान देण्याचे ठरवले. पाप्रॉकी आणि इतर काही बिशपांनी विरोध केला. पोप लिओ चौदावे यांना विचारले असता, गर्भपाताला विरोध करून मृत्युदंडाला किंवा स्थलांतरितांच्या अमानुष वागणुकीला पाठिंबा देणारा खरोखर जीवनवादी म्हणायचा का, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. डर्बिन यांनी सन्मान नाकारला.

पण इतिहासाचे आणखी एक पान आपल्या वाचकांनी जरूर पाहावे. १९६२ मध्ये न्यू ऑर्लिन्सचे आर्चबिशप जोसेफ रमेल यांनी कॅथलिक शाळांतील काळे-गोरे भेद बंद करण्याचे ठरवले. त्याला उघड विरोध करणाऱ्या तिघांना त्यांनी चर्चबाह्य केले. त्यांत लुईझियानातील बडे राजकारणी लिअँडर पेरेझ होते. त्या कृतीचे स्वागत करणाऱ्याने आज बिशपांना 'धर्मात राजकारण आणू नका' म्हणायचे, तर फरक कुठे आहे ते सांगावे लागेल. आमच्या मते फरक असा: रमेल चर्चच्याच शाळांचे दार वगळलेल्या मुलांसाठी उघडत होते. कम्युनियन नाकारणारे बिशप मात्र, चर्च न मानणाऱ्या स्त्रियांनाही लागू होणाऱ्या कायद्याबद्दल लोकप्रतिनिधीला जाब विचारत आहेत.

बेळगावची सविता

या वादाची किंमत कोण मोजते, हे आयर्लंडमध्ये दिसले, आणि ती किंमत आपल्या शेजारच्या मुलीने मोजली. बेळगावच्या सविता हलप्पनवार या ३१ वर्षांच्या दंतवैद्य ऑक्टोबर २०१२ मध्ये गॉलवे येथील रुग्णालयात दाखल झाल्या. १७ आठवड्यांचा गर्भ वाचणार नव्हता. गर्भपाताची विनंती नाकारली गेली, कारण गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू होते. जंतुसंसर्गाने २८ ऑक्टोबरला त्यांचा मृत्यू झाला. हा कॅथलिक देश आहे, असे त्यांना सांगण्यात आल्याचे मृत्यूच्या चौकशीत पुढे आले. सविता हिंदू होत्या.

२०१३ मध्ये पंतप्रधान एंडा केनी यांनी आईचा जीव धोक्यात असल्यास गर्भपाताची मुभा देणारा कायदा आणला. आपण कॅथलिक असलेले पंतप्रधान आहोत, कॅथलिकांचे पंतप्रधान नव्हे, असा खुलासा त्यांनी संसदेत केला. त्या मे महिन्यात बॉस्टन कॉलेजच्या पदवीदान समारंभाला केनी पाहुणे होते, म्हणून कार्डिनल शॉन ओमॅली तेथे गेले नाहीत. २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के आयरिश मतदारांनी गर्भपातबंदीचे संविधानिक कलम काढून टाकले.

आपल्या परंपरेत काय आहे?

दुसऱ्याच्या धर्माकडे बोट दाखवण्याआधी आपला विनय पाहू. जाणूनबुजून माणसाचा जीव घेणारा भिक्खू संघातून कायमचा बाद होतो, आणि गर्भपात घडवून आणणेही त्यात येते, असे विनयपिटक सांगते. तेव्हा 'बौद्धांना गर्भपाताचे काही वाटत नाही' असे म्हणणे खोटे ठरेल. पण हा नियम स्वेच्छेने दीक्षा घेतलेल्या भिक्खूसाठी आहे. राज्याच्या कायद्यासाठी नाही.

कम्युनियन नाकारण्याला समांतर अशी एक कृतीही विनयात आहे: पत्तनिक्कुज्जन, म्हणजे भिक्षापात्र उलटे करणे. वड्ढ लिच्छवी या उपासकाने दब्ब मल्लपुत्त या भिक्खूवर खोटा आळ घेतला, तेव्हा संघाने ठराव करून त्याचे दान घेणे थांबवले. त्याने चूक कबूल केल्यावर पात्र पुन्हा सरळ केले. कॅथलिक चर्च देणे थांबवते, भिक्खूसंघ घेणे थांबवतो. विनयात यासाठी जी कारणे आहेत ती सारी भिक्खूंना इजा करणे, त्यांच्यात फूट पाडणे, बुद्ध-धम्म-संघाची निंदा करणे अशी आहेत. उपासकाने राजसभेत काय मत दिले, हे त्यांत येत नाही.

म्यानमारमध्ये १९९० आणि २००७ साली भिक्खूंनी लष्करी राजवटीविरुद्ध पात्रे उलटी केली, ती दडपशाहीच्या विरोधात होती. त्याच देशात भिक्खूंच्या संघटनेने रेटा लावून २०१५ मध्ये बौद्ध स्त्रियांच्या आंतरधर्मीय विवाहावर निर्बंध आणणारा कायदा करून घेतला. चीवर अंगावर असले म्हणजे दबाव न्याय्य होतो, असे नाही.

बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये नियमांचा धर्म आणि तत्त्वांचा धर्म असा भेद केला. नियम माणसाला सांगितलेले करायला लावतो. तत्त्व त्याला विचार करून जबाबदारी घ्यायला लावते. १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने संततिनियमनाचा ठराव मांडला गेला, तो बाबासाहेबांच्याच भूमिकेतून. त्यात गर्भपाताचा विषय नव्हता, पण स्त्रीचे आरोग्य आणि गरिबी यांचा विचार धर्माज्ञेच्या आधी होता. तो ठराव फेटाळला गेला.

महाराष्ट्राच्या कायद्यातही या प्रश्नाचे धागे आहेत. दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या बहिष्काराच्या अधिकारावरून १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबई प्रांताचा १९४९ चा बहिष्कारविरोधी कायदा रद्द केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो निकाल फेरविचारासाठी नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे पाठवला गेला. जातपंचायतींच्या वाळीत टाकण्यावर २०१६ च्या महाराष्ट्र कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. कम्युनियन नाकारणे आणि वाळीत टाकणे एकच नव्हे. वाळीत टाकलेल्या कुटुंबाशी बोलणे, व्यवहार, लग्नसंबंध सारे तुटते. कम्युनियन नाकारलेल्या सिनेटरचे शेजारी त्याच्याशी बोलणे थांबवत नाहीत.

कार्यकर्त्यांनी विचारायचे प्रश्न

उद्या आपल्या एखाद्या आमदाराला विहारात बोलावू नका, त्याचे दान घेऊ नका, अशी हाक कोणी दिली तर ती उचलण्याआधी चार प्रश्न विचारावेत.

१. ही शिस्त संस्थेच्या आतल्या वागणुकीसाठी आहे, की बाहेरच्या सर्वांचा कायदा ठरवण्यासाठी?
२. हेच माप इतर प्रश्नांना आणि इतर पक्षांच्या माणसांनाही लावले जाते का?
३. या दबावाची झळ शेवटी कोणाला बसते? नेत्याला, की बोलायला व्यासपीठ नसलेल्या स्त्रीला आणि गरिबाला?
४. त्या माणसाशी आधी समोर बसून बोलणे झाले आहे का?

बिशपांना आपल्या वेदीपाशी कोणाला येऊ द्यायचे हे ठरवण्याचा अधिकार आहे, असे आम्ही मानतो. तो त्यांच्या धर्मस्वातंत्र्याचा भाग आहे. पण लोकप्रतिनिधी निवडून येतो तो सर्व धर्मांच्या आणि कोणताच धर्म न मानणाऱ्यांच्या मतांवर. विधिमंडळात हात वर करताना त्याने आधी त्यांचा विचार करायला हवा. बाबासाहेबांनी संविधान सभेत ज्या संविधानिक नैतिकतेची गरज सांगितली, ती आपल्या समाजातून निवडून गेलेल्यांनाही तितकीच लागू आहे.